शाळेतल्या मुलांना मधमाशीपालनाचा व्यवसाय दाखवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा जिल्ह्याच्या डोंगरी भागात आम्ही काही मधपाळ आणि शिक्षक मिळून शाळांतील मुलांना पेट्या दाखवतो. दर भेटीच्या आधी आणि नंतर शिक्षकांकडून, पालकांकडून आणि क्वचित मुलांकडूनही जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्यात येत असेल तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मधमाशीपालन म्हणजे नेमके काम काय, हे मुलांना थोडक्यात कसे सांगावे?

मधपाळ माश्यांना मध बनवायला शिकवत नाही. तो त्यांना योग्य वेळी योग्य फुलांजवळ, कोरड्या आणि निवांत घरात ठेवतो आणि त्यांच्या गरजेपेक्षा जास्त साठलेला मध काढून घेतो. म्हणून या व्यवसायातले पहिले कौशल्य पेटी उघडण्याचे नसून आपल्या परिसरात कोणत्या महिन्यात काय फुलते हे ओळखण्याचे आहे. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक मुलाला आम्ही सर्वांत आधी एक कोरी वही देतो आणि तिच्यावर ‘फुलोरा’ असे लिहायला सांगतो. मधाची चव शेवटी देतो, कारण ती आधी दिली की पुढचे कोणी ऐकत नाही.

२. कोणत्या इयत्तेपासून हा विषय घ्यावा?

माश्या फुलांवर पाहणे, रिकामे पोळे हाताळणे, मेणाचा वास घेणे या गोष्टी पहिलीपासूनही करता येतात. उघडी पेटी मात्र आम्ही सहावीच्या आधी दाखवत नाही, कारण लहान मुलांना वीस मिनिटे हळू आणि शांत उभे राहणे जमत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या काळात दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागीर आणि व्यावसायिकांसोबत घालवण्याची सूचना आहे. त्यांपैकी दोन दिवस मधपाळाकडे सहज लावता येतात. नववी आणि दहावीच्या मुलांपुढे हिशेब आणि प्रशिक्षणाच्या वाटा ठेवाव्यात. त्यासाठी प्रश्न ५ आणि ६ पाहावेत.

३. आपल्याकडे कोणत्या मधमाश्या आहेत आणि त्यांतली पेटीत कोणती राहते?

महाराष्ट्रात प्रामुख्याने पाच प्रकार दिसतात. आग्या माशी सर्वांत मोठी. ती कड्याला, उंच झाडाला किंवा इमारतीच्या छज्जाला एकच मोठे पोळे उघड्यावर लावते. फुलोरी लहान, तिचे तळहाताएवढे पोळे झुडपाच्या फांदीवर असते. सातेरी झाडाच्या ढोलीत, वारुळात किंवा भिंतीच्या पोकळीत अंधारात अनेक समांतर पोळी बांधते. इटालियन म्हणून ओळखली जाणारी युरोपीय माशी बाहेरून आणलेली असून १९६० च्या दशकात हिमाचलातील नगरोटा येथे तिचे पालन यशस्वी झाल्यावर ती देशभर पसरली. पाचवी म्हणजे डंख नसलेली, मुंगीएवढी माशी, जिला काही भागांत पोयाची माशी म्हणतात.

मधासाठीच्या चौकटींच्या पेटीत राहतात त्या सातेरी आणि इटालियन, कारण अंधारात एकाशेजारी एक पोळी लावण्याची सवय याच दोघींना आहे. दोन पोळ्यांमध्ये माश्या ये-जा करण्यापुरती साधारण ८ ते ९ मिलिमीटरची फट ठेवतात आणि ती मेणाने बुजवत नाहीत. अमेरिकेतील लँगस्ट्रॉथ यांनी १८५१ मध्ये ही फट हेरून तिच्या मापाने सुट्या चौकटींची पेटी बनवली आणि पोळे न मोडता उचलून पाहणे शक्य झाले. मुलांना मोजपट्टी देऊन ही फट मोजायला लावावी. फळ्यावर समजावण्यापेक्षा ते लवकर कळते. सातेरीचे अंग लहान असल्याने तिच्या पेटीची मापे इटालियनच्या पेटीपेक्षा कमी असतात, हेही मुलांच्या लगेच ध्यानात येते.

४. मध काढण्याखेरीज या क्षेत्रात कोणती कामे मिळतात?

हा प्रश्न पालकांकडून जितका यायला हवा तितका येत नाही, म्हणून उत्तर जरा सविस्तर देत आहोत.

पहिले काम परागीभवनासाठी पेट्या पुरवण्याचे. कांद्याचे बियाणे घेणारे, डाळिंब, काकडीवर्गीय वेली किंवा सूर्यफूल लावणारे शेतकरी फुलोऱ्याच्या काळात पेट्या भाड्याने घेतात. येथे मधपाळाला मधापेक्षा भाड्याचे पैसे अधिक खात्रीचे असतात, पण फवारणी कोणत्या दिवशी आणि किती वाजता होणार हे शेतकऱ्याशी आधी ठरवावे लागते. दिवसा फुलांवर कीटकनाशक पडले तर गेलेल्या माश्या परत येत नाहीत. दुसरे काम वसाहती, म्हणजे राणीसह माश्यांची पूर्ण कुटुंबे, वाढवून विकण्याचे, ज्यात राणी तयार करणे आणि भरल्या वसाहतीची वाटणी करणे येते. तिसरे काम सुतारकाम. बिनचूक मापाची पेटी बनवणारा सुतार मिळवण्यासाठी मधपाळ लांबवर जातात. याशिवाय मध गाळणे व बाटल्या भरणे, माश्यांना पोळ्याचा पाया म्हणून द्यायची मेणपत्रे बनवणे, प्रयोगशाळेत मधाची शुद्धता आणि त्यातील परागकण तपासणे, कृषी विद्यापीठांत कीटकशास्त्राचे संशोधन आणि शहरांत इमारतींवरील पोळी माश्या न मारता हलवणे ही कामेही आहेत.

ज्या मुलाला माश्यांची भीती वाटते पण लाकडात हात चालतो, त्याला या क्षेत्रात जागा नाही असे मुळीच समजू नये.

५. यातून घर चालेल एवढे उत्पन्न मिळते का? खरे सांगा.

दहा पेट्यांवर घर चालत नाही. आम्ही नववीच्या मुलांना हा हिशेब फळ्यावर करायला लावतो. समजा, सातेरीच्या १० पेट्या आहेत आणि चांगल्या परिसरात प्रत्येक पेटीतून वर्षाला ६ किलो मध निघाला, तर ६० किलो झाला. किलोला ५०० रुपये भाव धरला तर ३०,००० रुपये येतात. आता पावसाळ्यात फुले नसताना पाजायच्या पाकासाठी पेटीमागे ५ किलो साखर धरा, बाटल्या धरा, पेट्यांची डागडुजी धरा, गाडीखर्च धरा आणि दोन वसाहती उपासमारीमुळे किंवा पोळे पोखरणाऱ्या मेणकिड्यामुळे घर सोडून गेल्या असेही धरा. उरते ते शेतीला जोड म्हणून चांगले असते, पण पगार म्हणावा असे नसते. यातले भाव आम्ही उदाहरणासाठी घेतले आहेत. मुलांनी आपल्या बाजारातले घालून पाहावेत.

पूर्ण वेळ व्यवसाय करणारे बहुतेक जण इटालियन माशीच्या पेट्या घेऊन फुलोऱ्यामागे जिल्हे आणि राज्ये ओलांडतात. अशा फिरत्या पालनात पेटीमागे २५ ते ४० किलो मध निघू शकतो, पण त्यासोबत रात्रीचा प्रवास, ट्रकचे भाडे आणि महिनोन्महिने घराबाहेरचा मुक्काम येतो. हे सगळे मुलांना सांगावे. ‘गोड धंदा’ म्हणून सांगितलेला व्यवसाय मुले पहिल्या जुलै महिन्यात सोडून देतात, असे आम्ही पाहिले आहे.

६. प्रशिक्षण कुठे मिळते आणि वयाची अट काय असते?

पुण्यात खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून आहे. महाबळेश्वर येथे राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मधसंचालनालय आहे. अनेक कृषी विज्ञान केंद्रांतही काही दिवसांचे वर्ग होतात.

राज्य मंडळाच्या मधकेंद्र योजनेत साहित्याच्या किमतीवर ५० टक्के अनुदान आणि ५० टक्के स्वतःची गुंतवणूक अशी रचना आहे. वैयक्तिक मधपाळासाठी वय १८ पूर्ण आणि १० दिवसांचे प्रशिक्षण, तर केंद्रचालकासाठी किमान दहावी उत्तीर्ण आणि वय २१ पूर्ण अशा अटी योजनेच्या जाहिरातींत असतात. अर्ज करण्यापूर्वी त्या वर्षीची जाहिरात वाचून घ्यावी. वयाच्या या अटींमुळे शाळेत असताना अनुदानाची पेटी मुलाच्या नावावर मिळणार नाही, पण घरातील मोठ्या व्यक्तीने प्रशिक्षण घेऊन पेटी आणली तर मूल तिच्याजवळ शिकू शकते.

ज्यांना संशोधनाकडे जायचे आहे त्यांनी बारावी विज्ञान करून प्रवेश परीक्षेतून कृषी पदवीला जावे आणि पुढे कीटकशास्त्र घ्यावे. दहावीनंतर कृषी पदविकेचीही वाट आहे.

७. भेट कोणत्या महिन्यात आणि किती वाजता ठेवावी?

नोव्हेंबर ते मार्च या काळात, निरभ्र दिवशी, सकाळी साधारण नऊ ते अकरा. या वेळी वयस्क कामकरी माश्या बाहेर गेलेल्या असतात आणि पेटीत गर्दी कमी असते. जून ते सप्टेंबर भेट ठेवू नये. फुलोरा नसतो, माश्या चिडक्या असतात आणि पेटी उघडली की आत गारवा शिरतो. ढगाळ दिवशी किंवा जोराचा वारा असताना ठरलेली भेटसुद्धा रद्द करावी, मग बस आली असली तरी.

एका वेळी पेटीजवळ सात-आठच मुले असावीत. बाकीच्यांना फुलांवरच्या माश्या मोजायला किंवा जुन्या चौकटी पाहायला लावावे. अंगभर फिकट रंगाचे कपडे, पायात बूट, केस बांधलेले, अत्तर किंवा सुवासिक तेल नाही. आणि उभे राहायचे ते पेटीच्या मागे किंवा बाजूला, दारासमोर कधीच नाही.

केळ्यांचेही सांगायला हवे. आमच्या सुरुवातीच्या एका भेटीत मुले शाळेतून पोषण आहारातली केळी खाऊन थेट पेट्यांपाशी आली आणि त्या दिवशी नेहमी शांत असणाऱ्या पेटीने तीन जणांना डंख केला. केळ्यांमुळेच झाले असे ठामपणे म्हणता येणार नाही, पण माशीने डंख केल्यावर इतर माश्यांना सावध करणारा जो गंध सुटतो त्यातील मुख्य द्रव्य आयसोअमाइल ॲसिटेट आहे आणि पिकलेल्या केळ्याच्या वासातही तेच असते. तेव्हापासून केळी परतीच्या बसमध्ये वाटली जातात.

८. पेटी उघडल्यावर मुलांना काय काय दाखवावे?

घाईने सगळे दाखवू नये. आधी दार पाच मिनिटे पाहावे: कोणती माशी रिकाम्या पायांनी येते, कोणती मागच्या पायांवर परागाचे गोळे घेऊन येते, पहारेकरी माश्या कोणाला अडवतात. एकदा सातवीतली एक मुलगी म्हणाली, “बाई, हिच्या पायांना हळद लागली आहे.” तिने त्या सकाळी दर दहा मिनिटांनी पिवळ्या पायांच्या माश्या मोजल्या आणि दुपारी बारा वाजता तो आकडा जवळजवळ शून्यावर आला. मोहरीची फुले सकाळी पराग देतात आणि मग त्यांच्याकडचा संपतो, हे तिला कोणी सांगितले नव्हते. तिची वही आम्ही आजही नव्या मुलांना दाखवतो.

नंतर धुराचे एक-दोन हलके झोत देऊन झाकण काढावे आणि कडेची चौकट आधी उचलावी. चौकट उन्हाकडे पाठ करून धरली की घरांच्या तळाशी प्रकाश पडतो. वरच्या कमानीत मध, त्याखाली पराग आणि मध्यभागी पिलावा (अंडी, अळ्या आणि कोष), अशी मांडणी बहुतेक चौकटींवर दिसते. ताजे अंडे तांदळाच्या कणीसारखे घराच्या तळाशी उभे असते. ते दिसले म्हणजे राणी दिसली नाही तरी ती दोन-तीन दिवसांत तेथून फिरून गेली आहे हे कळते. इटालियनमध्ये अंड्यापासून राणी १६, कामकरी २१ आणि नर २४ दिवसांत बाहेर पडतो. सातेरीच्या नरांच्या घरांवर फुगीर टोपी असते आणि तिच्या टोकाला सुईने पाडल्यासारखे बारीक भोक असते. ते सापडले की मुलांना फार मोठे काही हाती लागल्यासारखे वाटते.

राणी शोधण्याचा हट्ट धरू नये. त्या नादात पेटी अर्धा तास उघडी राहते.

९. डंख झालाच तर तेथल्या तेथे काय करावे?

मुलाला शांतपणे पेटीपासून दूर न्यावे. कामकरी माशीचा काटा दातेरी असल्याने तो विषाच्या पिशवीसह कातडीत राहतो आणि पिशवी काही वेळ विष सोडत राहते. म्हणून काटा नखाने खरवडून लगेच काढावा. काढायला जितका उशीर, तितके विष जास्त. मग जागा धुऊन गार पाण्याची पट्टी ठेवावी. त्या जागी सूज आणि खाज एक-दोन दिवस राहणे नेहमीचे आहे. चुना, माती असले काही लावू नये.

श्वास लागणे, ओठ किंवा चेहरा सुजणे, अंगभर गांधी उठणे, उलटी, चक्कर यांपैकी काहीही दिसले तर वाट न पाहता रुग्णालयात न्यावे. तेथे ॲड्रेनलिनचे इंजेक्शन लागते. तोंडात किंवा घशात डंख झाला, किंवा एकाच मुलाला बरेच डंख झाले, तरीही हेच करावे. भेटीच्या दिवशी वाहन आणि जवळच्या रुग्णालयाचा रस्ता आधी पाहून ठेवावा.

१०. माझ्या मुलीला ॲलर्जी आहे की नाही हे ठाऊक नाही. तिला पाठवू का?

आधी कधी माशी चावल्यावर अंगभर गांधी उठल्या असतील किंवा श्वास लागला असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय पेटीजवळ पाठवू नये. दम्याचा त्रास असेल तरी आधी विचारावे. अशा मुलीने मागे बसून राहावे असे नाही. रिकाम्या पेटीचे माप, मेणाचे काम, फुलोऱ्याची वही आणि प्रश्न ५ मधला हिशेब यांत तिला पूर्ण काम मिळते. पालकांचे लेखी संमतिपत्र प्रत्येक मुलाचे घ्यावे आणि त्यात हा प्रश्न स्पष्ट विचारावा.

११. शाळेच्या आवारात पेटी ठेवावी का?

ठेवण्यापूर्वी एकच गोष्ट ठरवावी: मे महिन्याच्या सुट्टीत आणि दिवाळीत तिच्याकडे कोण पाहणार? नाव निघत नसेल तर ठेवू नये. नाव निघत असेल तर मैदान आणि पाण्याच्या नळापासून दूर, पहाटेचे ऊन आणि दुपारची सावली मिळेल अशा जागी, दार कुंपणाकडे करून ठेवावी. स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत असावेत, म्हणजे मुंग्या चढत नाहीत. सुरुवात सातेरीच्या एकाच पेटीने करावी.

कोकणात आणि गोव्यात डंख नसलेल्या माशीची लहान पेटी हा शाळांसाठी अधिक सोयीचा मार्ग आहे. ती केसांत शिरते आणि चिमटे काढते, पण काटा मारत नाही. मध फारच थोडा मिळतो.

१२. शाळेच्या इमारतीला आग्या मोहोळ लागले आहे. ते दाखवून माहिती देता येईल का?

नाही. आग्या माश्या थव्याने आणि दूरवर पाठलाग करतात, आणि किल्ल्यांवरच्या व लेण्यांमधल्या सहलींत अपघात होतात ते बहुधा याच माशीमुळे. मोहोळाखालचा रस्ता बंद करावा, दगड मारणे, धूर करणे, फटाके यांना सक्त मनाई करावी आणि जाणकार माणसाला बोलावावे. आग्या माश्या हंगामानुसार स्थलांतर करतात, त्यामुळे धोका नसलेल्या उंचीवरचे मोहोळ काही महिन्यांत आपोआप रिकामे होते. माश्या अंगावर आल्याच तर तोंड झाकून बंद खोलीकडे पळावे. जागेवर उभे राहून हात झटकू नयेत आणि पाण्यात उडी मारू नये.

१३. आम्ही शहरात राहतो, जवळ मधपाळ नाही. मग काय?

फुलोऱ्याची वही शहरातही लिहिता येते. रस्त्याकडेची करंजाची, जांभळाची आणि शेवग्याची झाडे कधी फुलतात आणि त्यांवर कोणती माशी येते याची वर्षभर नोंद ठेवली, तर ती मधपाळाच्या पहिल्या वर्षाएवढीच शिकवण होते. सहल काढायची असेल तर महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे मे २०२२ मध्ये ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झालेले देशातील पहिले गाव आहे. तेथील अनेक कुटुंबे या व्यवसायात आहेत. २० मे हा जागतिक मधमाशी दिन आपल्याकडे सुट्टीत येतो, म्हणून त्याचा कार्यक्रम मार्चमध्येच उरकणे बरे.

१४. आमच्या घरी मध खाणे हिंसा मानतात. मुलाने या उपक्रमात भाग घ्यावा का?

पोळे पिळून मध काढण्याच्या जुन्या पद्धतीत अंडी, अळ्या आणि माश्या मरतात, हे खरे आहे. पेटीत पिलाव्याचा कक्ष खाली आणि मधाची कोठी वर, अशी वेगळी सोय असते. कोठीच्या चौकटी मधयंत्रात फिरवून मध काढला जातो आणि पोळे परत दिले जाते. तरी चौकट ठेवताना एखादी माशी चिरडते, आणि काढलेला मध हा माश्यांनी स्वतःसाठी साठवलेला असतो. हे आम्ही लपवत नाही. निर्णय घरचा आहे. मुलाने मध न चाखता परागीभवनाचा भाग शिकावा अशी विनंती अनेकदा येते आणि ती आम्ही मानतो.

१५. मुले पाण्यात मध टाकून शुद्धता तपासतात. ते बरोबर आहे का? आणि गोठलेला मध नकली असतो का?

दोन्ही समज चुकीचे आहेत. पाण्यात तळाशी जाणे, वात पेटणे, कुत्र्याने न खाणे यांपैकी कशानेही भेसळ सिद्ध होत नाही. घट्ट साखरेचा पाकही तळाशीच जातो. मध गोठणे हा त्यातील ग्लुकोजचा गुण आहे आणि बाटली कोमट पाण्यात ठेवली की तो पुन्हा पातळ होतो. वर्गात घेण्यासारखा प्रयोग ओलाव्याचा आहे: रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे मधातला ओलावा मोजणारे छोटे उपकरण, मिळाले तर झाकबंद घरांतला आणि उघड्या घरांतला मध मोजावा. मानकानुसार ओलावा २० टक्क्यांपेक्षा जास्त नसावा, आणि माश्या मध पिकल्यावरच घरांवर मेणाचे झाकण घालतात, त्यामुळे आकड्यांतला फरक मुलांना स्वतः दिसतो. चव देताना भेटीला आलेल्या पालकांच्या कडेवरच्या, एक वर्षाखालील बाळांना मध देऊ नये, हे आठवणीने सांगावे.

१६. शाळेच्या पेटीतला मध मुलांनी विकला तर चालेल का?

शाळेच्या प्रदर्शनात पालकांना चार बाटल्या देणे वेगळे आणि दुकानात विकणे वेगळे. दुकानात विकायचा तर अन्नसुरक्षा नोंदणी आणि बाटलीवर नियमाप्रमाणे माहिती लागते, आणि ती नोंदणी मोठ्या माणसाच्या किंवा संस्थेच्या नावे असते. १४ वर्षांखालील मुलाला कामावर ठेवण्यास कायद्याने बंदी आहे. शाळेच्या वेळेबाहेर घरच्या व्यवसायात धोका नसलेली मदत करण्यास सूट आहे. त्यामुळे एखाद्या मधपाळाने ‘शिकवतो’ म्हणून मुलांकडून हंगामभर पेट्या वाहून घेतल्या, तर शाळेने तेथेच थांबवावे. विक्रीचा हिशेब मात्र मुलांनीच लिहावा, साखरेच्या पावतीसकट.